साखरेचा फेस आणि त्वचेची साक्ष

'सौम्य', 'वनस्पतिजन्य' असे लिहिलेल्या शाम्पूच्या बाटलीवरील घटकांची यादी वाचली, तर पुष्कळदा त्यात 'डेसिल ग्लुकोसाइड' हे नाव आढळते. ग्लुकोज आणि वनस्पती तेलांपासून मिळणारे मेदी अल्कोहोल यांच्या संयोगातून हा पदार्थ तयार करतात. त्याच्या रेणूचे साखरेचे टोक पाण्यात रमते, तर लांब शेपटी तेलकट मळात शिरते. आपल्या रिठ्यातील सॅपोनिनही याच तत्त्वावर मळ काढते. असा पदार्थ त्वचेला बाधू शकेल का?

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पदार्थ पुरेसा तीव्र असेल, तर त्याने कोणाचीही त्वचा चुरचुरते; हा झाला दाह. ॲलर्जी मात्र काहींनाच होते. सुरुवातीच्या संपर्कात शरीराची प्रतिकारयंत्रणा तो पदार्थ 'लक्षात ठेवते' आणि पुढे थोड्याशा मात्रेनेही पुरळ उठते. साखरेपासूनच्या अपमार्जकांनी दाह कमी होतो हे खरे. पण त्यावरून ॲलर्जी होणारच नाही, असे म्हणता येत नाही.

निर्णय देते ती पॅच टेस्ट. १८९५ साली योसेफ याडासोन यांनी ती मांडली. व्हॅसलीनमध्ये साधारण ५ टक्के डेसिल ग्लुकोसाइड मिसळून ते पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात. पट्टी काढल्यावर त्वचा पाहतात आणि एकदोन दिवसांनी पुन्हा पाहतात. दाह बहुधा ओसरू लागतो. ॲलर्जीची खूण मात्र टिकते किंवा वाढते, कारण प्रतिकारपेशी जमायला वेळ लागतो.

उत्तर अमेरिकेत २००९ ते २०१८ या काळात तपासलेल्या रुग्णांपैकी शंभरात सुमारे दोघांमध्ये अशी खूण दिसली. पण हे सारे त्वचेच्या तक्रारीमुळेच तपासणीला आलेले होते. म्हणून हे प्रमाण सर्व लोकसंख्येला लावणे चूक ठरेल. २०१७ साली अमेरिकेतील त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने या गटाला 'वर्षातील ॲलर्जीकारक' म्हटले, ते लक्ष वेधण्यासाठी, बंदीसाठी नव्हे.

चाचणीनंतरही शोध संपत नाही. काही सनस्क्रीनमध्ये ऊन अडवणाऱ्या घटकाच्या जोडीला डेसिल ग्लुकोसाइड असते. मिश्रण बाधले, तर दोष कोणाचा? दोन्ही घटक वेगवेगळे तपासले, तेव्हा अनेक रुग्णांत खरा कारणीभूत डेसिल ग्लुकोसाइड निघाला.

वर्गात अशी चाचणी करू नये. तिच्यामुळेच नवी ॲलर्जी जडण्याचा संभव असतो. घटकांची यादी वाचून 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' या समजुतीला पुरावा कोणता, एवढे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे.