वेषभूषेची विद्या

‘शिंप्याचें काम शिकण्यासाठीं मुलीनें चार वर्षें घालवावयाचीं काय?’ असा प्रश्न छत्रपती संभाजीनगर येथील एका परिचित कुटुंबांत नुकताच आमच्या समक्ष निघाला. नाटक-चित्रपटांची वेषभूषा हाच आपला व्यवसाय करावा, अशी इच्छा बारावी उत्तीर्ण झालेल्या नातीनें बोलून दाखविली होती. आजोबा रागावले, काकांनीं मान हलविली, आई गप्प राहिली. आमचें मत विचारलें गेलें तेव्हां आम्हीही प्रथम घुटमळलों. प्रस्तुत लेख हें त्या घुटमळण्याचें प्रायश्चित्त समजावें.

शिंपी अंगाचें माप घेतो. वेषभूषाकारास त्याखेरीज स्वभावाचें, वयाचें, काळाचें व परिस्थितीचेंही माप घ्यावें लागतें. संहिता हातीं येतांच तो तिचें प्रवेशवार टिपण करतो. कोणतें पात्र कोणत्या ऋतूंत, कोणत्या प्रहरीं येतें. दोन प्रवेशांमध्यें वस्त्र बदलण्यास त्यास किती अवकाश मिळतो. गरीब विधवेचें लुगडें किती विटलेलें दिसावें, शेतकऱ्याचा सदरा कोठें विरलेला असावा, हें सर्व आधीं ठरतें. त्यानंतर रेखाटन, मग कापडाची निवड, आणि सर्वांत शेवटीं कात्री.

या विद्येचा आदर्श आपल्याच महाराष्ट्रांत झाला. कोल्हापुरांत १९२९ सालीं जन्मलेल्या भानुमती राजोपाध्ये यांनीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत चित्रकलेचें शिक्षण घेतलें, नियतकालिकांसाठीं वेषांचीं रेखाटनें केलीं आणि मग चित्रपटसृष्टींत पाऊल टाकलें. पुढें भानू अथैया या नांवानें जग त्यांस ओळखूं लागलें. ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल जॉन मोलो यांजसह त्यांस १९८३ मध्यें ऑस्कर पारितोषिक मिळालें. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०२० सालीं त्या निवर्तल्या. त्यांच्या यशाचा पाया कुंचल्यानें घातला होता, हें आमच्या वाचकांनीं ध्यानीं घ्यावें.

संभाजीनगरकरांस विशेष अभिमान वाटावा अशी गोष्ट तर पुढेंच आहे. ‘आम्रपाली’ (१९६६) या चित्रपटासाठीं बुद्धकालीन वैशालीचीं वस्त्रें रचावयाचीं होतीं, तेव्हां त्यांनीं आधार घेतला तो अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा. शहरापासून सुमारें १०० किलोमीटरवरील त्या लेण्यांत जाऊन पाहावें. राजे व बोधिसत्त्व न शिवलेलें तलम वस्त्र आणि अलंकार धारण करतात. कित्येक सेवकांच्या अंगांत मात्र बाह्यांचे शिवलेले अंगरखे आहेत. पहिल्या लेण्यांतील परदेशी माणसें टोपी व अंगरख्यावरून तत्काळ ओळखूं येतात. वस्त्र हा पात्राचा पहिला परिचय, हा धडा तेथें भिंतींवर रंगविलेला आहे. तथापि विद्यार्थिनीनें हेंही जाणावें कीं, आम्रपाली ही बुद्धाची समकालीन, आणि अजिंठ्याचीं बहुतेक चित्रें इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील. मध्यें जवळजवळ हजार वर्षें लोटलीं आहेत. पुरावा कोठें संपतो व कल्पना कोठें सुरू होते, हें ओळखतां येणें हाच या शिक्षणाचा गाभा.

इतर साधनेंही हाताशीं आहेत. पैठणीचा जरतारी पदर आणि सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून विणलेला हिमरू मागावर प्रत्यक्ष पाहिल्यास कापड कसें पडतें, कसें चमकतें, तें कळतें. येथील विद्यापीठांत नाट्यशास्त्राचा विभागही आहे.

आजोबांची शंका अगदींच निराधार मात्र नव्हे. या व्यवसायांत पहिल्या तारखेस वेतनाची हमी नाहीं. एक काम संपलें कीं दुसऱ्याची वाट पाहावी लागते. उमेदवारीच्या काळांत इस्त्री करणें, गुंड्या लावणें, रात्रीं कपडे वाळविणें हींच कामें पदरीं पडतात. म्हणून आमचा सल्ला असा कीं, मुलीनें आधीं वर्षभर रेखाटन व कापणी-शिवण यांचा अभ्यास करावा आणि एखाद्या नाट्यसंस्थेच्या एका तरी प्रयोगांत पडद्यामागें राहून कपडे सांभाळावे. त्यानंतरही तिचा उत्साह टिकला, तर फी भरण्यास कुटुंबानें मागेंपुढें पाहूं नये.

आम्ही निघण्याच्या बेतांत असतां आजींनीं नातीस आंत बोलाविलें व पेटींतून आपल्या सासूबाईंचें नऊवारी लुगडें काढलें. निऱ्या कशा घालाव्या, काष्टा कसा घ्यावा, ओंचा कोठें खोचावा, हें त्या एकेक सांगत होत्या आणि नात कागदावर रेखाटीत होती. घरांतील दुसऱ्या कोणाही सुनेस ती रीत येत नव्हती. आजोबा दारांत उभे राहून पाहत होते. बोलले कांहींच नाहींत. निर्णय तेच करतील. परंतु आजींचें वय ८४ आहे, हेंही त्यांनीं हिशेबांत धरावें.