मे महिन्यातही न वितळणारं तेल

कुडाळजवळच्या एका घरात फडताळावर खोबरेलाची बाटली आणि भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा, गोळा शेजारी ठेवलेले पाहिले. मे महिन्याची काहिली. बाटलीतल्या तेलाचं पाणी झालेलं, गोळा मात्र घट्ट. म्हणून भिरंडेल काढायच्या दिवशी मुद्दाम पुन्हा गेलो, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मित्राला घेऊन.

आमसुलं करून उरलेल्या बिया वाळवून, फोडून, कुटून ठेवल्या होत्या. घरातल्या काकींनी कूट पाण्यात घालून टोप चुलीवर चढवला. धुरात मिसळलेला तो तेलकट वास सदऱ्यातून लवकर गेला नाही. मी पळी घालायला गेलो, तर काकी म्हणाल्या, "ढवळू नको, ता आपसूक वर येतला." आलंच. टोपाच्या कडेकडेने पळी आडवी सरकवत त्या पिवळसर थर असा उचलत होत्या की खालचं पाणी पळीत येतच नव्हतं. तेल थिजल्यावर मुठीत दाबून गोळे वळले. प्रत्येक गोळ्यावर काकींच्या चार बोटांचे ठसे.

"फरक दोन हायड्रोजनचा," मित्र म्हणाला. तेलातली दोन मेदाम्लं, स्टिअरिक आणि ओलेइक, दोन्हींच्या साखळीत कार्बन 18च. स्टिअरिक संपृक्त, साखळीत मावतील तितके हायड्रोजन भरलेले, म्हणून ती सरळ. काकींच्या खोपीतल्या सरळ लाकडांसारखी दाटीने रचली जाते आणि वितळायला सुमारे 69 अंश घेते. ओलेइकमध्ये दोन हायड्रोजन कमी. तिथे दुहेरी बंध येतो, साखळी वाकते, रास ढिली पडते. 13-14 अंशांनाच ते पातळ. भिरंडेलात निम्म्याहून जास्त स्टिअरिक, उरलेलं बहुतेक ओलेइक. म्हणून ते 40 अंशांच्या आसपास वितळतं आणि टाचेच्या भेगेत चोळताना मऊ होतं.

मग खोबरेल? ते तर जवळजवळ 90 टक्के संपृक्त! पण त्यातल्या मुख्य लॉरिक आम्लाची साखळी 12 कार्बनचीच, आखूड. म्हणून 24-25 अंशांनाच त्याचं पाणी होतं. 'घट्ट ते संपृक्त, पातळ ते असंपृक्त' हे पाठ केलेलं सूत्र कोकणातल्या फडताळावरच मोडतं.

वनस्पती तुपाच्या कारखान्यात हेच दोन हायड्रोजन निकेल वापरून तेलात भरतात. भरणं अर्धवट राहिलं की काही साखळ्या दुहेरी बंधासकट सरळ होतात. तेच ट्रान्स फॅट. 2022पासून आपल्याकडे त्यावर 2 टक्क्यांची मर्यादा आहे. काकींच्या टोपात फक्त पाणी आणि कूट होतं.

शहरात आता कोकम बटर महागड्या डब्यांत मिळतं. घेताना एवढं बघा: थंडीतही बाटलीत वाहणारं 'शुद्ध कोकम तेल' कुणी देत असेल, तर त्यात दुसरं तेल मिसळलेलं आहे. घेऊ नका.