आवडत्या पुस्तकाचं वय

वाचनालयातली दोऱ्याने पुन्हा शिवलेली जुनी कादंबरी हातात आली, की आधी शेवटचं पान उघडून बघावं. तिथे चिकटवलेल्या कागदावर परतीच्या तारखांचे शिक्के असतात, शेजारी सभासद क्रमांक. एखादा क्रमांक दोन-तीन वर्षांनी पुन्हा उगवलेला दिसतो. हा माणूस गोष्ट कळून चुकल्यावरही तीच कादंबरी परत घरी का नेतो?

ॲमस्टरडॅम विद्यापीठातले स्टीव्ह जान्सेन आणि त्यांचे सहकारी यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रश्न साधाच होता. तुमची तीन आवडती पुस्तकं, तीन चित्रपट आणि तीन संगीताच्या रेकॉर्ड सांगा, आणि त्यांची पहिली गाठ कधी पडली तेही सांगा. उत्तरं वयानुसार मांडल्यावर तिन्ही आलेखांत तारुण्याच्या सुरुवातीला उंचवटा आला. स्मृतीच्या अभ्यासकांना तो ओळखीचा आहे. उतारवयात माणसाला आठवणी सांगायला लावल्या, तर किशोरवय ते पंचविशी या काळातल्या आठवणी हटकून जास्त निघतात. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, घरापासून लांबची पहिली खोली हे सगळं तेव्हाच घडतं आणि मेंदू ते ठळकपणे नोंदवून ठेवतो.

खरी गंमत पुढे आहे. हा उंचवटा संगीतात सर्वांत मोठा होता. पुस्तकांच्या बाबतीत मात्र अलीकडे वाचलेल्यांचा भरणा जास्त निघाला. अभ्यासकांचं स्पष्टीकरण असं, की गाणं आपण असंख्य वेळा ऐकतो, पुस्तक फार तर दोन-तीनदा वाचतो. तरुणपणीचा ठसा उमटतो, पण उजाळा मिळाला नाही तर पुसट होतो. म्हणजे पुस्तकाला आवडतं व्हायला योग्य वयात भेटावं लागतं, आणि आवडतं राहायला पुन्हा पुन्हा.

आता ‘कोसला’ घ्या. 1963 मध्ये ती आली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते, आणि तिचा नायक गाव सोडून पुण्याला शिकायला गेलेला पोरगा. हेच नेमाडे पुढे आपल्याच शहरातल्या, म्हणजे छत्रपती संभाजीनगरातल्या मराठवाडा विद्यापीठात शिकवायला आले. विशीत, वसतिगृहाच्या खाटेवर पडून ‘कोसला’ वाचलेला माणूस साठीतही तिच्यावर वाद घालायला तयार असतो. पंचेचाळिशीत पहिल्यांदा हातात घेणारा वाचक बहुधा ‘बरी आहे’ म्हणून मोकळा होतो. कादंबरी तीच. अर्थात वय जुळलं म्हणून कुठलंही पुस्तक डोक्यावर घेतलं जात नाही. विशीत वाचलेली ढीगभर पुस्तकं आपण साफ विसरलो आहोत.

मग ठसा कशाने उमटतो? एक कारण 1977 मध्ये टी. बी. रॉजर्स आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसलं. एखादा शब्द ‘मला लागू पडतो का’ असा विचार करून वाचला, की तो जास्त लक्षात राहतो. शब्दांच्या यादीचं जे होतं, ते गोष्टीचंही होत असणार. याचं उदाहरण आपल्याच शहरात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये इथे महाविद्यालय काढलं, तेच नागसेनवनातलं मिलिंद. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली मुलं तिथे ऐन उंचवट्याच्या वयात आली. गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचं नियतकालिक याच शहरातून निघालं. आपल्या वस्तीचं, आपल्या आईच्या बोलण्याचं जग पहिल्यांदा छापील अक्षरात दिसल्यावर काय झालं असेल, ते कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

पण कर्णासारखं आयुष्य आपल्यापैकी कुणाचंच नसतं, तरी त्याच्यावरची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी लोकांना खेचून घेते. इथे मेंदूचं दुसरं काम सुरू होतं. निकोल स्पीअर, जेफ्री झॅक्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एका मुलाच्या दिवसभराची साधी गोष्ट लोकांना स्कॅनरमध्ये पडून वाचायला दिली, पडद्यावर एका वेळी एकच शब्द. गोष्टीतला मुलगा एखादी वस्तू हाताळू लागला, की वाचणाऱ्याच्या मेंदूत हाताच्या हालचालींशी संबंधित भाग जागे होत. पडलेला माणूस बोटही हलवत नव्हता.

असं गुंतल्यावर तक्रार करायची शुद्धच राहत नाही. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात वाचकांना सांगितलं होतं, की गोष्टीत जिथे खोटं वाटेल तिथे गोल करा. जे जास्त रंगून गेले, त्यांनी कमी गोल केले. आवडत्या लेखकाची बाजू आपण इतक्या हिरिरीने का घेतो आणि समीक्षकाचा राग का येतो, त्याचं मूळ बहुधा इथे आहे. समीक्षकाला दिसलेले गोल आपल्याला दिसलेलेच नसतात.

आणि पुस्तक मुळात हातात येतं कसं? मॅथ्यू सॅलगानिक यांच्या 2006 च्या प्रयोगात 14 हजारांहून अधिक लोकांनी अनोळखी 48 गाणी ऐकली. इतरांनी काय डाउनलोड केलं ते दिसणाऱ्यांचे आठ वेगळे गट केले, तर प्रत्येक गटात वेगळीच गाणी वर गेली. अगदी उत्तम गाणं सहसा तळाला जात नव्हतं, अगदी वाईट सहसा वर येत नव्हतं. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. पुस्तकांचंही तसंच होत असावं. मित्राने दिलं म्हणून वाचलं, वर्गात सगळे बोलत होते म्हणून वाचलं. मोठ्यांनी काढलेल्या ‘वाचायलाच हवीत’ अशा पुस्तकांच्या याद्यांवर माझा म्हणूनच फारसा विश्वास नाही. शेजारच्या मुलाच्या हातातलं पुस्तक जास्त काम करतं.

आपल्या शहरात 2021 पासून एका शाळकरी मुलीच्या पुढाकाराने आणि रीड अँड लीड फाउंडेशनच्या आधाराने मोहल्ला बाल ग्रंथालयं उभी राहत आहेत. पुस्तकं गल्लीतच, घरापासून हाकेच्या अंतरावर, वाचणारे एकमेकांचे शेजारी. उंचवट्याचं वय, सोबतीची ओढ आणि तेच पुस्तक पुन्हा घरी नेण्याची सोय तिथे एकत्र आहे. उर्दू बोलणाऱ्या घरातली जी मुलं तिथे येतात, त्यांच्या चाळिशीतल्या यादीत एखादं मराठी पुस्तक असेल का, हे जान्सेनच्या पद्धतीने विचारायला अजून पंचवीस-तीस वर्षं थांबावं लागेल.