सगळ्यात जास्त पॉइंट्स, तरी शेवटचा नंबर!

फँटसी लीगमध्ये हरलो की आपण खापर कॅप्टनवर फोडतो. नाहीतर ज्याला नेमकं बेंचवर बसवलं आणि त्यानेच दोन गोल मारले, त्याच्यावर. पण खरा व्हिलन कधी कधी भलताच असतो. कोणत्या आठवड्यात कोणाची गाठ कोणाशी, हे ठरवणारं वेळापत्रक! आणि अशी वेळापत्रकं किती होऊ शकतात, हे मोजायला बसलात तर डोकं गरगरेल.

सामना कोणाशी, यावर सगळं

फँटसी प्रीमियर लीग, म्हणजे आपली एफपीएल, खेळणाऱ्यांना नियम पाठ असतात. १० कोटी पौंडांचं लुटुपुटुचं बजेट, १५ खेळाडू, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन आणि मोसमाचे ३८ आठवडे. क्लासिक लीगमध्ये नुसती पॉइंट्सची बेरीज होते. पण ग्रुपमध्ये खुन्नस काढायची तर ‘हेड टू हेड’च हवं. यात दर आठवड्याला एकच प्रतिस्पर्धी. त्याच्यापेक्षा जास्त पॉइंट्स मिळाले तर ३ गुण, बरोबरी झाली तर १ आणि हरलात तर भोपळा. प्रत्येकजण प्रत्येकाशी एकदा खेळला की राउंड रॉबिनची एक फेरी पूर्ण.

गंमत पुढे आहे. खऱ्या मैदानावर समोरचा डिफेंडर तुमच्या स्ट्रायकरला रोखतो. फँटसीत समोरचा तुमचं काहीच वाकडं करू शकत नाही. समोर कोणीही असो, तुमचे पॉइंट्स तेवढेच राहतात. म्हणूनच संपलेला अख्खा मोसम उचलून दुसऱ्या वेळापत्रकात ठेवता येतो आणि निकाल काय लागला असता, ते बघता येतं.

समजा चार टीम आहेत आणि तीन आठवडे. त्यांचे पॉइंट्स असे :

वडापाव एफसी : ६०, ५८, ६२ (एकूण १८०)
कटिंग युनायटेड : ७५, ४१, ४४ (एकूण १६०)
मिसळ सिटी : ५०, ७२, ४३ (एकूण १६५)
बनमस्का रोव्हर्स : ४०, ४५, ७० (एकूण १५५)

वडापाव दर आठवड्याला दुसरा आणि बेरजेत सगळ्यांच्या पुढे. आता त्याचे सामने क्रमाने कटिंग, मिसळ आणि बनमस्का यांच्याशी लावून बघा. पहिल्या आठवड्यात कटिंग फॉर्मात, दुसऱ्यात मिसळ, तिसऱ्यात बनमस्का. वडापाव तिन्ही सामने हरला! बाकीच्या तिघांना प्रत्येकी ६ गुण आणि सगळ्यात भारी टीमला शून्य.

चार टीमची वेळापत्रकं फक्त ६ होतात, कारण वडापावचे तीन प्रतिस्पर्धी कोणत्या क्रमाने येणार हे ठरलं की उरलेल्या दोघांचा सामना आपोआप ठरतो. या ६ पैकी २ वेळापत्रकांत वडापाव तिन्ही सामने जिंकून चॅम्पियन होतो, ३ मध्ये ६ गुणांवर संयुक्त पहिला येतो आणि एकात तळाला जातो. खेळाडू तेच, गोल तेच. बदललं ते फक्त वेळापत्रक.

सहा जणांतला चकवा

सहा टीम घेतल्या की मोजणं इंटरेस्टिंग होतं. त्यांना अ, ब, क, ड, इ, फ म्हणू. पहिल्या आठवड्यात ‘अ’साठी ५ पर्याय. उरलेल्या चौघांतल्या एकासाठी ३. शेवटचे दोघे आपसात. म्हणजे ५ × ३ = १५ प्रकार. दुसऱ्या आठवड्यात जुन्या जोड्या टाळायच्या आहेत, म्हणून ८ प्रकार उरतात.

तिसऱ्या आठवड्यात मात्र चकवा आहे. समजा पहिल्या आठवड्यात अ-ब, क-ड, इ-फ झालं आणि दुसऱ्यात ब-क, ड-इ, फ-अ. आता अ-ड, ब-इ, क-फ लावायला काहीच हरकत दिसत नाही. लावा आणि पुढे बघा. ‘अ’चे सामने आता फक्त ‘क’ आणि ‘इ’शी उरले. ‘क’ आणि ‘इ’चेही त्याच तिघांत. उरलेले ब, ड, फ हे वेगळं त्रिकूट. तिघांच्या जोड्या लावल्या की एकजण बाहेर बसणारच. वेळापत्रक तिथेच अडकलं!

हा फसवा पर्याय सोडला तर उरलेल्या सामन्यांचे तीन आठवडे एकाच पद्धतीने पडतात, फक्त त्यांचा क्रम ६ प्रकारे बदलता येतो. म्हणजे एकूण १५ × ८ × ६ = ७२० वेळापत्रकं.

आठनंतर आभाळच फाटतं

आठ टीमना हा आकडा थेट ३,१४,४९,६०० होतो. दहा टीमना ४४,४७,३३,६५,१३,५३,६००. हा आकडा वाचायलाच दोन श्वास लागतात. आपला लॅपटॉप सेकंदाला १० लाख वेळापत्रकं तपासतो असं धरू. आठ जणांची लीग साधारण ३१ सेकंदांत उरकेल. दहा जणांच्या लीगला १४ वर्षं लागतील. आणि बारा जणांच्या? सुमारे ३२ हजार कोटी वर्षं. विश्वाचं वय आहे जेमतेम १,३८० कोटी.

हे चकवे वाढत जातात, म्हणून सरळ सूत्र लावून उत्तर मिळत नाही. बारा टीमचा आकडा गणितज्ञांनी कॉम्प्युटरच्या मदतीने १९९४ मध्ये जाहीर केला, चौदाचा २००९ मध्ये. वीस टीमचा नेमका आकडा आजही कोणाकडे नाही.

वेळापत्रकाचा तक्ता मांडला तर तो सुडोकूच्या भावंडासारखा दिसतो. प्रत्येक ओळीत प्रत्येक आठवडा एकदाच. अशा चौकटींना लॅटिन चौरस म्हणतात. त्यांच्याबद्दल ऑयलरने १७८२ मध्ये केलेला एक अंदाज १९५९ मध्ये खोटा ठरला, आणि तो खोटा ठरवणाऱ्या तिघांत एक मराठी नाव होतं : शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. बाकीचे दोघे राज चंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर. श्रीखंडे सरांनी पुढे मुंबई विद्यापीठात गणित शिकवलं. तेव्हा ‘हे सगळं टाइमपासचं गणित आहे’ असं कोणी म्हणालं तर हे नाव पुढे करा.

मग न्याय कसा करायचा?

नशिबाचा वाटा किती, हे कळायला कोट्यवधी वेळापत्रकं तपासायची गरज नाही. सगळी वेळापत्रकं एकत्र धरली तर कोणत्याही आठवड्यात प्रत्येक प्रतिस्पर्धी तुमच्यासमोर सारख्याच वेळा येतो. म्हणून दर आठवड्याला तुमच्या पॉइंट्सची तुलना सगळ्यांशी करा. वडापाव दर आठवड्याला तिघांपैकी दोघांना हरवतो, म्हणजे सरासरी आठवड्याला २ गुण, तीन आठवड्यांत ६. आता सहा वेळापत्रकांतले त्याचे गुण बघा : ९, ९, ६, ६, ६, ०. सरासरी बरोब्बर ६! बाकीच्या तिघांची सरासरी याच हिशेबाने प्रत्येकी ४ येते. प्रत्यक्षातले गुण वजा ही सरासरी, म्हणजे तुमचं नशीब. एक्सेल शीटमध्ये दहा मिनिटांचं काम.

आणखी एक गोष्ट लीग सुरू करण्याआधी बघा. दहा जणांची एक फेरी ९ आठवड्यांची. ३८ आठवड्यांत अशा चार फेऱ्या होतात आणि २ आठवडे उरतात. त्या दोन आठवड्यांत कोणाच्या वाट्याला पाचव्यांदा लीगमधला टॉपर येतो, कोणाच्या वाट्याला टीम बदलायलाच विसरणारा. ३८ आठवडे समसमान वाटले जातात ते वीस टीम असतील तेव्हाच. १९ जण असाल तरी चालेल, कारण विषम संख्या झाली की एफपीएल ‘ॲव्हरेज’ नावाची टीम स्वतःच घालते. तेवढी माणसं जमणार नसतील तर पूर्ण फेऱ्या होतील तेवढेच आठवडे मोजायचे, हे आधीच ठरवा. वेळापत्रक स्वतः बनवणार असाल तर कोणाला कोणता क्रमांक, याच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उचला.

ट्रॉफी हेड टू हेडवालाच घेऊन जाऊ दे, मजा त्यातच आहे. पण ग्रुपवर सरासरीचा तक्ताही टाका. शेवटच्या नंबरावरच्या मित्राला ट्रोल करण्याआधी एकदा बघून घ्या, तो तुमच्या लीगमधला वडापाव एफसी तर नाही ना!