पैठणचे पाणी, पेडगावचा रोजा

मगरिबची अजान झाली की दस्तरखानावर पहिला मान खजुराचा आणि लगेच पाण्याच्या घोटाचा. मानवत रोड आणि परभणी यांच्या मधल्या पेडगावात पाण्याचा विषय निघाला की बोट पश्चिमेकडे जाते, पैठणकडे. किब्लाही त्याच दिशेला, हा योगायोगच.

पैठण म्हणजे गोदाकाठचे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक भाषेतल्या एका व्यापारी पुस्तिकेत इथून अकीकासारखे दगड गाड्यांत भरून भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. राजधानी गेली, पैठणी राहिली. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी इथेच हिंदू आणि तुर्क यांचा संवाद रंगवणारे भारूड लिहिले. त्यात दोघे कडाकडा भांडतात, एकमेकांच्या रीतींची उणीदुणी काढतात आणि शेवटी गळ्यात पडतात. भांडण लपवून न ठेवता मिटवायचे, ही नाथांची रीत. सध्या रमजान आणि नाथषष्ठी जवळजवळ एकाच सुमारास येतात. तिकडे गोदाकाठी दिंड्या, इकडे तरावीह.

आजच्या पैठणची सत्ता मात्र सिंहासनावर नाही, धरणावर आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण. नाव जायकवाडीचे, कारण आधी धरण बीड जिल्ह्यातल्या त्या गावी व्हायचे होते. जागा बदलली, नाव चिकटून राहिले. जलाशयाला लोक नाथसागर म्हणतात. उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी. छत्रपती संभाजीनगरची तहान यावरच भागते, आणि २०८ किलोमीटरचा डावा कालवा जालन्यातून परभणीपर्यंत येतो.

येतो, पण कसा? अस्तर उखडलेले, गाळ साचलेला. पाळी सुटली की वरच्यांचे ऊस आधी भिजतात, शेपटाकडच्यांनी वाट पाहायची. तीच तक्रार पैठणचीही आहे, फक्त वरच्या नाशिक-नगरच्या धरणांबद्दल. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरून पाणी सोडायचे, असे सूत्र ठरले आहे. तरी तुटीच्या वर्षी प्रकरण कोर्टात जातेच.

वाहत्या नदीकाठी बसून वजू करतानाही पाणी उधळू नये, अशी पैगंबरांची शिकवण सांगतात. नदीवर बसलेल्याला ती पाळणे सर्वांत अवघड. शेपटाच्या गावात बदना आपोआपच अर्धा भरला जातो. यंदाही सहरीला उठलेला शेतकरी आधी चारीकडे चक्कर मारून येतो, पाणी आले का ते पाहायला.