प्रयोजन आधीं, साधन मागाहून

शेतीच्या धंद्यांत नवें साधन आलें कीं दोन तऱ्हेचे लोक दिसून येतात. एक, तें पाहतांच विकत घेणारे; दुसरे, त्याकडे ढुंकूनही न पाहणारे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतींत सध्यां हेंच चाललें आहे. वास्तविक दोघांनींही आधीं एक प्रश्न विचारावयास हवा: ह्या साधनानें माझी कोणती अडचण दूर व्हावयाची आहे? ज्यास ह्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येत नाहीं, त्यानें खर्चाची घाई करूं नये.

हें साधन म्हणजे कांहीं चमत्कार नव्हे. पूर्वींच्या अनेक वर्षांच्या नोंदी संगणकास पुरविल्या असतां त्यांतील संगति ओळखून तो पुढील अनुमान करतो, इतकेंच. नोंदी जितक्या चांगल्या व प्रश्न जितका नेमका, तितकें अनुमान उपयोगी.

नेमक्या प्रश्नाचें उदाहरण २०२५ च्या खरिपांत घडलें. केंद्रीय कृषि मंत्रालयानें तेरा राज्यांच्या कांहीं भागांतील सुमारें ३.८ कोटि शेतकऱ्यांस पावसाचें अनुमान मोबाइलवर कळविलें. त्यासाठीं गूगल कंपनीचें व युरोपीय हवामान केंद्राचें, अशीं दोन संगणकीय प्रतिमानें वापरलीं होतीं. प्रश्न एकच होता: पेरणीजोगा सलग पाऊस केव्हां सुरू होईल? त्या वर्षीं मोसमी पाऊस २४ मे रोजीं केरळांत व २६ मे रोजीं मुंबईस पोंचला. पण पुढें सुमारें वीस दिवस त्याची वाटचाल थांबली. हा खंड त्या अनुमानांत आधींच दिसला होता. पहिल्या सरीस भुलून पेरणाऱ्यावर दुबार पेरणीचा प्रसंग येतो. बियाणें, खत व मजुरी तिन्ही मातींत जातात. तेव्हां ह्या एका उत्तराचें मोल वाचकांस समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साह्यानें ऊसशेतींत हाच मार्ग धरला आहे. जमिनींतील ओलीचे मापक, हवामानाचीं यंत्रें व उपग्रहाचीं चित्रें यांवरून पाणी व खत केव्हां द्यावें ह्याचा सल्ला मोबाइलवर मिळतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रांतील सर्वांत बारीक ठिपका दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याचा असतो. अर्थात् एकरांतील कोणता गुंठा मागें पडला तें कळतें. कां मागें पडला तें मात्र कळत नाहीं. तेथें हुमणी लागली, पाणी साचलें कीं नत्र कमी पडलें, हें कुदळीनें मूळ उकरल्याविना ठरत नाहीं. शिवाय आकाश ढगाळ असतां हीं चित्रें निरुपयोगी होतात. ज्याची अडचण पाण्याची, त्यास ओलीचा मापक उपयोगी. ज्याचा ऊस सारखा वाढत नाहीं, त्यास चित्र उपयोगी. दोघांनीं एकच संच घेणें म्हणजे तापास व मुरगळलेल्या पायास एकच औषध देणें होय.

महाराष्ट्र शासनानें जून २०२५ मध्यें महाॲग्री-एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांकरितां ५०० कोटि रुपयांची तरतूद ठरविली. ह्यापुढें विक्रेतेही दारीं येतील. अशा वेळीं पुढील क्रम पाळावा. प्रथम आपली अडचण व तीपायीं होणारा तोटा वहींत लिहावा: पंपाचे तास, खताचीं पोतीं, एकरी उतारा. मग एकाच एकरावर प्रयोग करावा, व त्याच जातीचा, त्याच लागणीचा शेजारचा एकर जुन्या पद्धतीनें ठेवावा. यंत्राची वार्षिक वर्गणी व दुरुस्ती हीं खर्चांत धरावींत. आपल्या शेताच्या नोंदी कोणाच्या मालकीच्या राहतील व कोणास दिल्या जातील, हें सही करण्यापूर्वीं लेखी विचारावें. तोडणीनंतर वाढीव उत्पन्न किंवा वांचलेला खर्च यांतून यंत्राचा खर्च निघाला तर क्षेत्र वाढवावें. न निघाला तर संकोच न धरतां यंत्र परत करावें.

संगणकाचा सल्ला चुकला तरी कर्जाचा हप्ता शेतकऱ्यासच फेडावा लागतो. म्हणून निर्णयही त्यानेंच घ्यावा, आणि तो विक्रेत्याच्या जाहिरातीवरून नव्हे, तर आपल्या वहींतील आंकड्यांवरून घ्यावा.