‘डॉज’ : टाळणे आणि चुकवणे

इंग्रजीतील ‘डॉज’ या क्रियापदाचा सर्वांत परिचित अर्थ झटकन बाजूला होऊन अंगावर येणारी वस्तू वा व्यक्ती चुकवणे, असा आहे. खो-खोतील खेळाडू पाठलाग करणाऱ्याला हुलकावणी देतो, ती याच अर्थाची. तेथे ते कौशल्य असून त्यात दोषाचा लवलेशही नाही. प्रश्न चुकवला, तर मात्र आपण ‘बगल दिली’ असे म्हणतो. काम चुकवणारा ‘कामचुकार’ ठरतो. हाच शब्द नाम म्हणून आला, की त्याचा अर्थ ‘क्लृप्ती’ किंवा ‘पळवाट’ असा होतो.

करांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. कायद्याने दिलेल्या सवलती घेऊन कराचा भार कमी करणे वेगळे. उत्पन्न लपवून अथवा खोटे हिशेब दाखवून कर बुडवणे वेगळे. दुसरी गोष्ट ‘करचुकवेगिरी’ होय, आणि ती गुन्हा आहे. या दोहोंच्या मधली वाटही सरळ नाही. १९८५ साली मॅकडॉवेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या चौकटीतील करनियोजन वैध मानले. परंतु दिखाऊ व्यवहारांच्या आडून कर टाळणे त्यात बसत नाही, असे बजावले.

बोलण्यातला ‘डॉज’ या सीमारेषा पाळत नाही. मराठीत मात्र शब्द निवडताच निवाडाही दिला जातो. म्हणून मूळ वाक्यात नेमके काय घडले आहे, हे आधी पाहावे. अन्यथा निरपराध माणूस गुन्हेगार ठरेल, किंवा गुन्हेगार नुसताच चतुर.